खिशातली गाडी आणि धुक्यातलं शहर

मागच्या रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग झाली आणि दोन तास एकाच विषयावर गेले, पार्किंग. फ्लॅट छत्तीस, खाली जागा बावीस गाड्यांची, टू-व्हीलर तर कोणी मोजतच नाही. एक काका म्हणाले मी पझेशन घेतल्यापासून इथंच लावतोय, दुसरे म्हणाले माझ्या ॲग्रीमेंटमध्ये नंबर टाकलाय बघा, तिसऱ्याने मोबाईलवर फोटोच काढून आणलेले, कोणाचा बंपर पट्ट्याच्या किती बाहेर येतो ते झूम करून दाखवायला. चहा थंड झाला, ठरलं काहीच नाही, विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला. घरी येऊन डोकं शांत करावं म्हणून सिटीज स्कायलाइन्स हा शहर बांधायचा कॉम्प्युटर गेम उघडला, २०१५ चा जुनाच, दुसरा भाग माझ्या लॅपटॉपला झेपत नाही, आणि माझ्या तिथल्या शहरातल्या एका माणसावर क्लिक करून त्याच्या मागे मागे जात बसलो. पठ्ठ्या गाडीने ऑफिसपाशी पोचला, लावायला जागा नव्हती, तर गाडी चक्क गायब. परत निघताना बाहेर आला आणि गाडी हजर. खेळणारे लोक याला खिशातली गाडी म्हणतात, पार्किंग नाही मिळालं तर घडी घालून खिशात ठेवायची. आधी हसलो, मग जरा हेवा वाटला, आणि मग डोक्यात आलं की आत्ता दोन तास ज्याच्यावरून आम्ही एकमेकांची उणीदुणी काढत होतो तो अख्खा प्रश्न या शहरात कोणीतरी आधीच मिटवून टाकलाय. मिटवलाय म्हणजे काय, झाकून ठेवलाय.

हे काही चुकून झालेलं नाही बरं का. २०१३ मध्ये सिमसिटी या शहर बांधायच्या दुसऱ्या गेमचा जो नवा भाग आला त्याचे मुख्य डिझायनर स्टोन लिब्रांडे यांनी एका मुलाखतीत हे मोकळेपणाने सांगितलंय. गेम बनवताना त्यांनी खऱ्या शहरातल्या जागा मोजायला घेतल्या, किराणा स्टोअर केवढं, त्याचं पार्किंग केवढं, आणि लक्षात आलं की अमेरिकेत दुकानापेक्षा दुकानापुढचं पार्किंग किती तरी मोठं असतं. ते त्याच प्रमाणात दाखवायचं तर अख्खा गेम म्हणजे डांबराची मैदानं आणि मधेमधे दुकानं, कोण खेळेल? मग त्यांनी दुकानाशेजारी सहा-सात गाड्यांपुरती जागा काढली, स्टेडियमला जरा मोठी, आणि बाकीचं पार्किंग जमिनीखाली आहे असं गृहीत धरलं. बघायला छान, खेळायला सुटसुटीत. डिझायनर म्हणून त्यांची अडचण मला कळते, मी त्यांच्या जागी असतो तर मीही बहुतेक तेच केलं असतं.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. गेममधल्या शहरांवर वाद झाला की तो नेहमी एकाच रुळावरून धावतो, एका टोकाला खरेपणा, दुसऱ्या टोकाला मजा, आणि डिझायनरने मधे कुठंतरी काटा ठेवायचा. जास्त खरं केलं की कंटाळा, जास्त मजा केली की कार्टून. मला हा तराजूच पटत नाही. गेम खोटं बोलणारच, त्याशिवाय गेम होणार नाही, पण खोटं दोन जातीचं असतं. एका खोट्याने शहर डोक्यात मोठं होतं. दुसऱ्या खोट्याने शहर लहान होतं, कारण शहराला शहर बनवणारी जी गोष्ट, म्हणजे एकाच जागेसाठी दहा जणांची ओढाताण, तीच त्यातून काढून टाकलेली असते. आणि या दुसऱ्या खोट्याला मजेचं कारण दिलं जातं तेव्हा मला ते निव्वळ आळशी वाटतं.

पहिल्या जातीचं खोटं आधी सांगतो, ते माझ्या आवडीचं आहे. बारावीच्या सुट्टीत आमच्या गावच्या कॅफेत तासाला पंधरा रुपये देऊन जीटीए या मारधाडीच्या गेममालिकेतला व्हाइस सिटी खेळायचो, दोघांत एक कीबोर्ड. त्या गेमच्या सुरुवातीला दोन बेटांमधले पूल बंद असतात, कारण काय तर वादळाचा इशारा आहे. त्याच्या आधीच्या भागात पूल बॉम्बने उडालेला असतो, नंतरच्या सॅन अँड्रियासमध्ये भूकंपाने रस्ते बंद. आम्हाला तेव्हा कळत नव्हतं, पण हे सगळं एवढ्यासाठी की नवख्या माणसावर सगळं शहर एकदम अंगावर येऊ नये, आधी एक भाग पायाखाली यावा, कुठली गल्ली कुठं निघते ते कळावं आणि मग पलीकडचं बेट उघडावं. कारण खोटं, पण काय ठेवणीतलं! पलीकडचे दिवे दिसायचे आणि जाता यायचं नाही, ते शहर तेवढ्यानेच मोठं वाटायचं.

सॅन अँड्रियासचं धुकं तर याहून भारी. २००४ च्या प्लेस्टेशन टू वर एवढा मोठा मॅप एकदम दाखवणं शक्यच नव्हतं, म्हणून लांबचं सगळं धूसर, नारिंगी-पिवळ्या धुरक्यात विरून जायचं. लॉस सँटोसमधून सॅन फिएरोला निघालं की मधलं जंगल, डोंगर, पेट्रोलपंप, वाटायचं आपण खरंच परगावी चाललोय. २०२१ मध्ये याच गेमची चकचकीत नवी आवृत्ती आली आणि नव्या मशिनवर सगळं झेपतंय म्हणून धुकं काढून टाकलं. झालं काय, तर माउंट चिलियाड या डोंगरावर उभं राहिलं की मॅपमधली तिन्ही शहरं एका नजरेत, एखाद्या रांगोळीच्या ठिपक्यांसारखी जवळजवळ. ज्या मॅपमध्ये आपण रस्ता चुकून फिरायचो तो एवढुसा? लोकांनी एवढा आरडाओरडा केला की नंतर अपडेटमध्ये ते जुनं वातावरण परत आणावं लागलं. म्हणजे बघा, जास्त स्पष्ट दिसायला लागलं, तांत्रिकदृष्ट्या जास्त खरं झालं, आणि शहर खोटं पडलं.

आपल्याकडे हे कोणाला समजावून सांगायची गरजच नाही खरं तर. तमाशात गवळणी मथुरेच्या बाजाराला निघतात, स्टेजवर दोन फेऱ्या मारतात की अर्धी वाट झाली, तिथं कृष्ण आडवा येतो. समोर बसलेला एकही माणूस विचारत नाही की गोकुळ ते मथुरा अंतर किती. अंतर कापलं म्हणून कोणाचं काही बिघडत नाही कारण भांडण कापलेलं नाही, आडवणं, मावशीची बडबड, दान मागणं, ते सगळं पुरेपूर वेळ घेऊन होतं. युरो ट्रक सिम्युलेटर टू हेच करतो. २०१२ चा गेम, प्रागच्या एका स्टुडिओचा. त्यातला युरोप एकास एकोणीस या प्रमाणात आहे, म्हणजे प्राग ते बर्लिन साडेतीनशे किलोमीटर तुम्ही अठरा-एकोणीस किलोमीटरमध्ये उरकता, घड्याळही त्याच हिशोबाने पळतं, आणि शहरात शिरलं की घड्याळ मंदावतं कारण तिथं वळणं घ्यायची असतात. पण ट्रेलर रिव्हर्समध्ये लावणं? ते पुरेपूर. झोप येणं? येते, जांभया येतात, स्क्रीन काळा पडायला लागतो. अंतर आखडलं, पण त्या धंद्यातला त्रास ठेवला. मला विचाराल तर डिझाइनचा अर्धा शहाणपणा इथंच आहे.

याच्या उलट एल. ए. न्वार, पोलीस तपासाचा गेम. १९४७ चं लॉस एंजेलिस, त्यासाठी जुने विमानातून काढलेले फोटो शोधून रस्ते, इमारती, पाट्या बसवलेल्या, मेहनत बघून थक्क व्हायला होतं. आणि त्या शहरात करायला काय आहे? केसच्या एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जायचं, वाटेत थोड्या किरकोळ पोलीस कामगिऱ्या, बस. त्यातही बरोबरच्या पोलिसाला गाडी चालव म्हटलं की प्रवास गाळून थेट मुक्कामी. मी स्वतः तिसऱ्या केसनंतर प्रत्येक वेळी तेच केलं, लाज वाटते पण केलं. आणि तिकडे जपानी याकुझा गेममालिकेतला कामुरोचो बघा, टोकियोच्या काबुकिचोवर बेतलेला, चार-पाच गल्ल्यांचा मोहल्ला, एवढासा, आणि तोच मोहल्ला २००५ पासून भागामागून भागात परत परत. कोपऱ्यावरचं दुकान बदललं की आपल्याला चुकचुकल्यासारखं होतं, जशी आपल्या नाक्यावरची अमृततुल्य बंद होऊन तिथं मोबाईलचं दुकान आलं की होतं. मोठ्या मॅपची जाहिरात करणाऱ्यांनी एकदा तिथं चक्कर मारून यावं.

आता दुसऱ्या जातीचं खोटं, आणि इथं परत २०१३ ची सिमसिटी, कारण त्यात जे झालं ते मला फार बोलकं वाटतं. गेम बनवणाऱ्यांनी सांगितलेलं की या वेळी आकडेमोड नाही, प्रत्येक माणूस, प्रत्येक गाडी वेगळी चालणार, तुम्ही कोणाच्याही मागे जाऊन बघा. पहिल्या आठवड्यातच लोक खरंच मागे गेले आणि दिसलं काय, तर सिम, म्हणजे त्या गेममधला माणूस, सकाळी घरातून निघतो आणि जिथं पहिली रिकामी नोकरी दिसेल तिथं शिरतो, संध्याकाळी निघतो आणि जे पहिलं रिकामं घर दिसेल त्यात जाऊन झोपतो. रोज नवी नोकरी, रोज नवं घर, बायकापोरं कोणती ते देव जाणे. गाड्या सगळ्यात जवळचा रस्ता धरणार, मग तो कच्चा रस्ता तुंबलेला असो आणि शेजारचा हमरस्ता मोकळा असो. वर आणखी, कोणीतरी कोड उघडून पाहिला तर स्क्रीनवर दिसणारी लोकसंख्या प्रत्यक्ष चालणाऱ्या माणसांपेक्षा फुगवून दाखवलेली निघाली. म्हणजे खरेपणाच्या नावाखाली एकेक माणूस उभा केला, पण त्याला बांधून ठेवणारं काहीच दिलं नाही, भाडं नाही, शाळा इथंच आहे म्हणून घर बदलता येत नाही असं नाही, आईला दवाखाना जवळ हवा असं काही नाही. विल राइटने १९८९ मध्ये केलेल्या पहिल्या सिमसिटीत एकही माणूस दिसत नव्हता, नुसते रंगीत चौकोन, तरी तिथल्या लोकांच्या तक्रारी जास्त खऱ्या वाटायच्या. त्याने माणसं दाखवतो असा आवच आणला नव्हता.

मात्र त्या पहिल्या गेमच्या मुळाशीही एक गोम आहे. राइटने ज्यांच्याकडून शहराचं गणित उचललं त्यात अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे प्राध्यापक जे. डब्ल्यू. फॉरेस्टर होते, त्यांनी १९६९ मध्ये शहराचं एक कॉम्प्युटर मॉडेल मांडलं होतं, आणि त्या मॉडेलने काढलेला एक निष्कर्ष असा होता की डबघाईला आलेलं शहर सावरायचं तर स्वस्त जुनी घरं पाडा आणि ती जागा उद्योगांना द्या. आता विचार करा, तेव्हापासून आजपर्यंत शहर बांधायच्या जवळजवळ प्रत्येक गेममध्ये तुमच्या हातात पहिल्या पाच बटणांत एक बटण बुलडोझरचं असतं. दाबलं, धूर निघाला, घर गेलं. त्यात राहणारा कुठं गेला? कुठंच नाही, गेला. मी माझ्या शहरात एक उड्डाणपूल काढायला एका रात्रीत सव्वाशे घरं पाडली आणि मला त्याचं काहीसुद्धा वाटलं नाही, उलट ट्रॅफिकचा आकडा सुधारला म्हणून बरं वाटलं. आपल्याकडे रस्ता रुंदीकरणात एक पायरी तोडायची म्हटली तरी दुकानदार कोर्टात जातो.

आणि जिथं गेमने चुकून बेघर माणूस दाखवला तिथं काय झालं? त्याच २०१३ च्या सिमसिटीत ओसाड पडलेल्या इमारतींमुळे बेघर लोक तयार व्हायचे, पार्कात फिरायचे, आणि मग खेळणारे एकमेकांना विचारत बसायचे की यांना घालवायचं कसं. पार्क पाडू का, बस बंद करू का, शेजारच्या शहरात पाठवता येतात का. मी त्या लोकांना नावं ठेवत नाही, गेमने त्यांच्यासमोर माणूस घाणीचा डाग म्हणून ठेवला, तर ते पुसायचा फडकाच शोधणार. पण सांगा, हा खरेपणा झाला का? बेघर माणूस दिसतो तर आहे. त्याचं तुमच्याकडे काही मागणं आहे, त्याची बाजू आहे, तो तुमचा खेळ अडवू शकतो, असं मात्र काही नाही.

या रस्त्याने शेवटपर्यंत गेलं की काय होतं ते फिलिपिन्सच्या एका आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्याने करून दाखवलंय. व्हिन्सेंट ओकास्ला त्याचं नाव, सिमसिटी ३००० मध्ये त्याने कागदावर गणितं मांडून, चारेक वर्षं खपून मॅग्नासँटी नावाचं शहर उभं केलं, २०१० मध्ये त्याचा व्हिडिओ आला तेव्हा खूप गाजला. साठ लाख लोक, एकाच साच्याचे चौकोन परत परत छापल्यासारखे, रस्ते नाहीतच, सगळे भुयारी रेल्वेने, पोलीस मुबलक, आणि लोक कमी वयात मरतात पण तक्रार कोणी करत नाही. पन्नास हजार वर्षं तसंच चालू. गेमच्या हिशोबाने हा विजय. त्याने ते मुद्दाम केलं होतं, बघा तुमचा गेम कशाला जिंकणं म्हणतो ते दाखवायला. मला तो व्हिडिओ कुठल्याही भुताच्या गेमपेक्षा भीतीदायक वाटतो.

झोनिंगचंही, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय बांधायचं त्या वाटणीचंही, तेच. हिरवा रंग म्हणजे घरं, निळा म्हणजे दुकानं, पिवळा म्हणजे कारखाने, तिन्ही वेगवेगळ्या चौकोनांत. हे अमेरिकन उपनगराचं चित्र आहे, आणि आपण ते शहराचा निसर्गनियम असल्यासारखं शिकतो. या नियमाने गिरणगाव बांधून दाखवा मला. लालबाग-परळला मिल, चाळ, खालच्या मजल्यावर वाणी, शेजारी खानावळ, समोर मंडळाचा गणपती, भोंगा झाला की माणूस चालत पाळीला. जुन्या सिमसिटीत कारखान्याला चिकटून घरं ठेवली की प्रदूषणाने वस्ती कोसळते, वर दुकानं निळ्या रंगात वेगळी. प्रदूषण खोटं नव्हतं हो, धूर होता, टीबी होता, पण लोक तरी तिथंच राहिले कारण लोकलचं भाडं वाचत होतं आणि गावचा माणूस शेजारी होता, ही दोन कारणं गेममध्ये नाहीतच. सिटीज स्कायलाइन्सच्या दुसऱ्या भागात २०२३ मध्ये खाली दुकान वर घर असा मिश्र झोन एकदाचा आला, चांगलं झालं. आपल्या कुठल्याही पेठेत तो निदान दोनशे वर्षं आहे.

आता कोणी म्हणेल, आणि माझी बायकोच म्हणाली, की अरे बाबा तू दीड तास ट्रॅफिकमधून येतोस, सोसायटीत भांडून येतोस, आणि घरी येऊन परत तेच खेळायचंय? हा आक्षेप खरा आहे. गेम हा विरंगुळा आहे, जीटीए फाइव्हमध्ये अठ्ठेचाळीस मिनिटांत दिवस संपतो, सिग्नल तोडला तर कोणी पावती फाडत नाही, सगळा मॅप ओलांडायला काही मिनिटं पुरतात, आणि म्हणून तर आपण खेळतो. (त्या मालिकेच्या शहरांत लहान मुलं दिसत नाहीत हे कधी लक्षात आलंय का? शाळा नाही, रिक्षातून लोंबणारी दप्तरं नाहीत. का नाहीत ते उघड आहे आणि ते योग्यच आहे, या खोट्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही.)

पण मग माझ्या भाच्याचं काय करायचं. दहावीला आहे, मोबाईलवर बस सिम्युलेटर इंडोनेशिया खेळतो, २०१७ चा गेम. तिकडेही वाहनं डावीकडून चालतात म्हणून आपल्याला परकं वाटत नाही, आणि कोणीतरी पोरांनी त्यात आपली लालपरी बनवून टाकलीये, एसटीचा लाल रंग, पाटी, हॉर्नसुद्धा. हा पोरगा दिवसभर क्लासला एसटीने धक्के खात जातो, उभ्याने येतो, आणि रात्री जेवण झालं की एसटी चालवतो! कट मारायला नाही, स्टॉपवर नीट लावायला, वळणावर मागचं चाक कठड्याला घासू नये म्हणून जीव काढत. मी विचारलं, कंटाळा येत नाही का रे, तर म्हणे मामा, तिथं मी ड्रायव्हर असतो ना. एवढंच उत्तर आहे खरं तर. तीच बस, तीच गर्दी, तोच घाट, पण एका ठिकाणी सोसायचं असतं आणि एका ठिकाणी स्टिअरिंग आपल्या हातात असतं. लोक कटकटीला कंटाळत नाहीत, ज्या कटकटीत आपलं काही चालत नाही तिला कंटाळतात. म्हणून वास्तवातला त्रास गेममध्ये आणला तर कंटाळा येईल हे वाक्य मला अर्धंच वाटतं, त्या त्रासात खेळणाऱ्याला काय करता येईल हा उरलेला अर्धा भाग.

सायबरपंक या गेममधल्या नाइट सिटी शहराचं उदाहरण आहेच. २०२० च्या डिसेंबरमध्ये गेम आला तेव्हा बाकीचे घोळ होतेच, पोलीस पाठीमागे अचानक उगवायचे वगैरे, पण लोकांना एक गोष्ट टोचत राहिली की जाहिरातीत दाखवलेल्या मेट्रोत बसता येत नाही. गरज काही नव्हती, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी क्षणात जायची सोय होतीच, मेट्रोने उलट वेळच जातो. तरी लोक तीन वर्षं मागत राहिले आणि २०२३ च्या डिसेंबरमधल्या अपडेटमध्ये ती आली. आता लोक तिच्यात बसतात, खिडकीतून बघतात, उतरतात. कामाचा शून्य उपयोग, आणि त्या शहराला मात्र त्याने वजन आलं. गेम बनवणारे ज्याला फालतू वेळ म्हणतात तो कधी कधी फालतू नसतो.

मुंबईची गोष्ट न सांगता थांबलो तर चुकल्यासारखं होईल. २०१८ च्या हिटमॅन टू या भाडोत्री मारेकऱ्याच्या गेममध्ये मुंबईची एक लेव्हल आहे, झोपडपट्टी, रेल्वे यार्ड, अर्धवट बांधलेला टॉवर आणि तिथं सिनेमावाले. बाहेरच्या माणसाला मुंबई म्हटलं की जे तीन फोटो आठवतात तेच तिन्ही, यावर मी चिडलो होतो. त्यातल्या एका टार्गेटचं नाव वझीर काळे, आडनाव ऐकून मी खुर्चीत सरसावून बसलो, की बाबा हा आपला कोणत्या गावचा. पण खेळताना राग जरा निवळला, कारण त्या लेव्हलमध्ये गर्दी नुसती शोभेची नाही, गर्दीत मिसळूनच लपता येतं, अरुंद बोळ, छपरं, एकाच्या घरातून दुसऱ्याच्या घरात निघणारी वाट, हे सगळं हत्यार म्हणून वापरता येतं. चित्र पोस्टकार्डाचं, पण दाटीचा उपयोग मात्र मुंबईकरासारखा. मला हे चकचकीत खऱ्याखुऱ्या मुंबईपेक्षा जास्त चालेल. म्हणजे २०२० च्या फ्लाइट सिम्युलेटर या विमान उडवायच्या गेमने अख्खी पृथ्वी सॅटेलाइटवरून उचलून ठेवली तेव्हा मेलबर्नमध्ये एका साध्या घराच्या जागी दोनशे बारा मजल्यांचा सुळका उभा राहिला होता, नकाशाच्या डेटात कोणीतरी दोनच्या जागी दोनशे बारा टाइप केलं म्हणून. सगळी पृथ्वी उचलून आणली तरी कुठल्या घरात कोण राहतं हे काही त्यात येत नाही.

मग मला हवाय तो गेम कोणता? सांगतो, आणि पुण्यात गेम बनवणारे स्टुडिओ आहेत, कोणाला घ्यायची तर आयडिया फुकट घ्या. रिडेव्हलपमेंटचा गेम. एकच मॅप, एकच जुनी सोसायटी, छत्तीस फ्लॅट. अख्खं शहर बांधायचं नाही, फक्त एक इमारत पाडून परत उभी करायची. बुलडोझरचं बटण आहे पण ते राखाडी, दाबलं जात नाही, जोवर ५१ टक्के लोकांच्या सह्या होत नाहीत. पहिल्या मजल्यावरच्या आजींना लिफ्ट हवीये, दुसऱ्यावरच्यांना वाढीव कार्पेट, भाडेकरू ठेवलेल्याला फक्त कॉर्पस, म्हणजे बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम, किती ते सांगा, एकाचा बिल्डर मेहुणा आहे. बांधकाम चालू असतानाचं ट्रान्झिट भाडं कमी ठरवलंत तर तीन घरं गावाला निघून जातात आणि त्यांच्या पोरांची शाळा सुटते, ते तुम्हाला स्क्रीनवर दिसत राहतं. पार्किंग जमिनीखाली दाखवायचं? दाखवा, पण दोन बेसमेंट खणायला किती पैसे आणि किती महिने तेही भरा, नाहीतर एकावर एक गाड्यांचं स्टॅक पार्किंग लावा आणि वरची गाडी काढायला खालच्याला रात्री अकरा वाजता फोन करा. वेळ वाटेल तेवढा पळवा, तीन वर्षांचं बांधकाम तीन मिनिटांत दाखवा, धुकं टाका, पलीकडचा रस्ता भूकंपाने बंद करा, माझी काही हरकत नाही. फक्त चौथ्या मजल्यावरचे काका काढू नका. ते सही करत नाहीत, कारणही सांगत नाहीत, प्रत्येक मीटिंगला पहिले येतात, शेवटपर्यंत बसतात, चहा दोन वेळा घेतात. तुम्हाला त्यांच्याकडे परत परत जावं लागेल, कधी बिल्डरला घेऊन, कधी त्यांच्या मुलीला फोन करून, आणि चारपाच वेळा हरल्यावर कळेल की त्यांना नव्या प्लॅनमध्ये गॅलरीतून समोरचं आंब्याचं झाड दिसत नाहीये. मी आजवर खेळलेल्या कुठल्याही बॉस फाइटपेक्षा, म्हणजे गेममधल्या सगळ्यात तगड्या शत्रूशी होणाऱ्या लढतीपेक्षा, ही अवघड आहे, आणि मी हे गेमच्या नाही, आमच्या सोसायटीच्या अनुभवावरून सांगतोय.

पुढची मीटिंग येत्या रविवारी आहे. अजेंड्यावर पहिला विषय पार्किंग, दुसरा रिडेव्हलपमेंट, आणि काकांनी सेक्रेटरीला आधीच मेसेज टाकलाय की खुर्ची पुढच्या रांगेत ठेवा.